लोड हवेत सोडायचा नाही

भिलाईत कारखाना म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच, सरकारी पोलादाचा कारखाना येतो. मी कामाला होते तो वेगळा. औद्योगिक वसाहतीत गर्डर आणि टाक्या बनवणारे जे लहानमोठे खाजगी कारखाने आहेत, त्यांतला तो एक. पत्र्याची मोठी शेड, शेडमध्ये छताखालून धावणाऱ्या दोन क्रेन आणि फाटकाजवळ ऑफिसची बुटकी इमारत. त्या इमारतीतल्या एका खोलीत मी तीन वर्षं एका माणसाच्या शेजारी बसले. त्यांना सगळे 'ऑपरेटर' म्हणत. आधी ते क्रेन ऑपरेटर होते, नंतर कॉम्प्युटर ऑपरेटर झाले. हाक मारणाऱ्यांना काही बदलावं लागलं नाही. मी त्यांना काका म्हणायचे.

खुर्सीपारहून सायकल मारत मी पहिल्या दिवशी तिथं पोचले तेव्हा माझ्याकडे वर्षभराच्या कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट होतं आणि त्याचा थोडा तोराही होता. काम साधं होतं. ठेकेदाराचे नवीन मजूर आले की त्यांना आत सोडण्याआधी एक दिवसाचं सुरक्षा प्रशिक्षण द्यायचे. आम्ही त्यांचा फोटो काढायचा, नाव, गाव, रक्तगट, घरच्यांचा पत्ता भरायचा आणि गेटपास छापायचा. प्रशिक्षणाचा हॉल आमच्या खोलीला लागूनच होता. मध्ये प्लायवूडची भिंत.

काका खुर्चीत ताठ बसले होते. डावा हात टेबलावर सपाट, उजवा माऊसवर, नजर समोर आणि किंचित खाली. साठीला टेकलेला, काळासावळा, केस अगदी बारीक कापलेला माणूस. कॉम्प्युटरसमोर इतक्या सावधपणे बसलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं.

"काय काय येते तुले?" त्यांनी विचारलं.

मी पाठ केलेली यादी म्हणून दाखवली. ते म्हणाले, "ते राहू दे. हे फोल्डर इथून उचल आन् डी ड्राईव्हमधे ठेव."

मी फोल्डरवर क्लिक केलं, कंट्रोल-एक्स दाबलं. तेवढ्यात त्यांनी माझ्या हातावर टपली मारली. लागली नाही, पण मी दचकले.

"कट नाही करायचं. कट म्हणजे लोड हवेत. इथून सुटला, तिथं टेकला नाही. मधात लाईट गेली तर कोणाच्या डोक्यावर पडन?"

मग त्यांनी स्वतः करून दाखवलं. टेबलाच्या कडेला एक सायकलची घंटी पट्टीनं आवळून बसवली होती. ती त्यांनी दोनदा वाजवली. फोल्डर कॉपी केलं, पलीकडे पेस्ट केलं. दोन्हीकडे प्रॉपर्टीज उघडून आत किती फाईली आहेत आणि एकूण आकार किती आहे ते जुळवलं, मधले दोन-चार फोटो उघडून पाहिले, रजिस्टरमध्ये एक ओळ लिहिली. पुन्हा घंटी वाजवली आणि तेव्हा कुठं जुन्या जागेवरचं फोल्डर डिलीट केलं. दहा सेकंदांच्या कामाला सात मिनिटं लागली.

मी हसले. ते हसले नाहीत. "क्रेन हलवण्याआधी घंटी वाजवा लागते," एवढंच म्हणाले. "खालच्या माणसाले समजलं पाह्यजे."

"पण इथं खाली कोण आहे काका?"

त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. त्या फोल्डरमध्ये मजुरांचे फोटो होते.

ऑफिसात त्यांच्या गोष्टी सांगून लोक जेवणाच्या सुट्टीत हसत, आणि सुरुवातीला त्यात मीही असायचे. 'न्यू फोल्डर' हे नाव त्यांना सहन होत नसे. कुणी घाईत 'न्यू फोल्डर तीन' करून ठेवलं की ते त्या माणसाला बोलावून घेत आणि विचारत, "तुझ्या पोराले शाळेत घातलं तेव्हा नाव काय लिहिलं होतं? नवीन पोरगा?" 'फायनल', 'फायनल टू', 'फायनल लास्ट' अशा फाईली त्यांनी एकेक उघडून, वाचून, फरक शोधून नीट नावानं लावल्या होत्या. त्यांच्या डेस्कटॉपवर फक्त तीन चिन्हं असत. बाकी निळा पडदा स्वच्छ. "चालायच्या वाटेत सामान ठेवलं की ठेच लागते," म्हणत. शोधण्याची खिडकी ते कधी वापरत नसत. फाईल कुठल्या ड्राईव्हमध्ये, कुठल्या फोल्डरच्या कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे त्यांना तोंडपाठ असे, आणि ते पायरीपायरीनं तिथवर जात.

कचऱ्याच्या टोपलीचं तर वेगळंच. रिसायकल बिन ते शनिवारी दुपारी रिकामी करत. त्याआधी टोपलीतल्या प्रत्येक फाईलचं नाव मोठ्यानं वाचत. मी समोर बसून 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. एखादी जरी शंकेची वाटली तर ती परत जागेवर. साहेब एकदा दारातून हे ऐकून गेले आणि म्हणाले, "क्या चल रहा है, हाजिरी ले रहे हो क्या?" काका मान खाली घालून पुढचं नाव वाचायला लागले.

मला सर्वांत जड जायचं ते त्यांचं थांबणं. आमची मशीन जुनी होती. दोन-तीन प्रोग्रॅम उघडले की पडदा पांढरा पडे आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी पाटी येई. मी अशा वेळी माऊस दणादण आपटायचे, कंट्रोल-आल्ट-डिलीट करून एंड टास्क दाबायचे. काका माऊसवरून हात काढून मांडीवर ठेवत आणि बसून राहत. पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, एकदा तर पाऊण तास. दारात मजुरांची रांग लागलेली, ठेकेदाराचा मुकादम बडबडतोय, आणि हे आपले शांत.

"काका, तो मेलाय. मारा ना त्याला."

"मेला नाही. आधीचं काम करून राहिला. तू वीसदा हुकूम सोडले, आता तो विसाइले उत्तर देऊन राहिला. थांब जराशी."

"आणि नाहीच आला परत तर?"

"तर पाहू. पण आपल्याले घाई आहे म्हणून दुसऱ्याचं काम तोडायचं नाही."

घाई हा शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा कसा होई ते मी तेव्हा पाहत होते, पण त्याचा अर्थ लावत नव्हते.

हळूहळू मला त्यांची सवय झाली. त्यांचं गाव गोंदियाच्या बाजूचं, घरची थोडी धानाची शेती. बायको बरीच वर्षं आधी वारलेली, मुलगा रायपूरला. डब्यात लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भात असे, त्यातलं निम्मं ते मला वाढत. कॉम्प्युटर ते कुठल्याही वर्गात शिकले नव्हते. कारखान्यात पहिलं मशीन आलं तेव्हा कुणी त्याच्यासमोर बसायला तयार नव्हतं. ह्यांनी नुकतंच 'मले क्रेनवर नका पाठवू' असं साहेबाला सांगितलं होतं. क्रेन सोडली म्हणून पद गेलं, आणि शिक्षा म्हणून म्हणा की सोय म्हणून, त्यांना मशीनसमोर बसवलं. त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येक गोष्ट मराठीत लिहून काढली. 'बंद करण्याआधी जतन करणे. जतन करण्याआधी नाव वाचणे.' ती वही त्यांनी मला वाचायला दिली होती. चुकून एक पान उलटं लागलं तरी कळावं म्हणून प्रत्येक पानावर आकडा टाकलेला.

क्रेन का सोडली, हे मी एकदा विचारलं होतं. "डोळे," ते म्हणाले. पण त्यांना चष्माही नव्हता.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. शेजारच्या हॉलमध्ये प्रशिक्षण देणारे गृहस्थ रोज तीच स्लाईड दाखवत, तेच बोलत. प्लायवूडच्या भिंतीतून सगळं ऐकू येई. साधारण अकराच्या सुमारास त्यांचा आवाज चढायचा: "केस नंबर सात! अपनेही कारखाने की बात है. एक रिगर, लोड बांधनेवाला, बिना पूछे लोड के नीचे चला गया. क्या हुआ? जान गयी. गलती किसकी?" आणि नवीन मजूर एका सुरात म्हणायचे, "उसकी!"

ही 'केस नंबर सात' सुरू होण्याआधी काका उठायचे आणि पाण्याची बाटली भरायला जायचे. बाटली भरलेली असली तरी जायचे. खोलीमागच्या नळापाशी ती ओतून द्यायचे आणि पुन्हा भरायचे. त्या स्लाईडची फाईल आमच्याच कॉम्प्युटरवर होती. ती सांभाळणं काकांचं काम. रोज सकाळी ती उघडते की नाही हे तपासून ते ती हॉलमधल्या मशीनवर चढवत. घंटी वाजवून.

तिसऱ्या वर्षी नवीन कॉम्प्युटर आला. जुन्यातलं सगळं त्यात न्यायचं होतं. काकांनी यादी केली, रोज थोडं थोडं हलवायचं ठरवलं. मधेच त्यांना पुतण्याच्या लग्नाला गावी जावं लागलं. जाताना म्हणाले, "मी येतपर्यंत फोटोइले हात नको लावू." पण साहेबांना घाई होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, "हुआ नहीं अब तक?" मी म्हटलं, "आज करते सर."

मी फोटोंचं फोल्डर निवडलं, कट केलं आणि पेन ड्राईव्हवर पेस्ट केलं. हिरवी पट्टी सरकत शेवटपर्यंत गेली. मला माझ्या वेगाचं कौतुक वाटलं. पट्टी नाहीशी झाली त्याच क्षणी मी पेन ड्राईव्ह उपटला आणि नवीन मशीनला लावला. 'ही डिस्क फॉरमॅट करायची का?' असं त्यानं विचारलं. मी जुन्या मशीनकडे वळले. तिथं फोल्डर नव्हतं. रिसायकल बिन उघडली. तिथंही नव्हतं. कट केलेली वस्तू टोपलीत जात नाही, हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. त्या दिवशी ते समजलं.

काकांनी अधूनमधून प्रती काढून ठेवलेल्या सीडी कपाटात होत्या, त्यामुळे जुने फोटो वाचले. पण शेवटच्या सीडीनंतर आलेल्या तीनशेच्या वर मजुरांचे फोटो आणि फॉर्म गेले ते गेलेच. त्यांचे गेटपास त्याच महिन्यात नव्यानं छापायचे होते. नोंद नसेल तर माणूस फाटकाबाहेर.

मी रडत साहेबांकडे गेले. ते चिडले, पण त्यांना ते प्रकरण वर जायला नको होतं. म्हणाले, "एक काम करो. वायरस लिख दो. बात खतम." मी लिहिलं. व्हायरसमुळे फोटोंचं फोल्डर नष्ट झालं, असं चार ओळींचं पत्र टाईप केलं. घरी बाबांची रेल्वेची नोकरी आजारपणामुळे सुटली होती, धाकटा भाऊ शिकत होता. व्हायरस हा शब्द देवासारखा धावून आला असं मला वाटलं.

काका परत आले. पत्र माझ्या टेबलावरच होतं, सहीसाठी. त्यांनी ते उभ्यानं वाचलं.

"कुठं होता व्हायरस?"

मी जुन्या मशीनकडे पाहिलं.

"कट केलं?"

"हो."

"पेन ड्राईव्ह काढायची सूचना येतपर्यंत थांबली नाही."

"नाही."

त्यांनी पत्र घडी करून माझ्यासमोर ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "हे पाह्य पोरी. खोटा रिपोर्ट कसा बनते मले चांगलं मालूम आहे. ज्याले तोंड नाही त्याच्यावर ढकलून द्यायचं. मशीनवर ढकल, नाही तर मेल्या माणसावर ढकल. कोणी उलटून बोलत नाही. पण मग ते तुझ्याचपाशी राहते. तू त्याले कुठंच ठेवू शकत नाही. कोणत्याच फोल्डरमधे."

"काका, माझी नोकरी जाईल."

"जाऊ शकते," ते म्हणाले. त्यांनी मला खोटा धीर दिला नाही. "तुले ठरवायचं आहे. मी सही कर म्हणत नाही, नको करू बी म्हणत नाही."

त्या दुपारी मला त्यांचा फार राग आला. कायम नोकरीतल्या, निवृत्तीला आलेल्या माणसाचं काय जातं, असं मनात आलं. मी पत्र घेऊन साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि परत आले. तिसऱ्यांदा परत आले ती मशीनसमोर बसले आणि दुसरं पत्र टाईप केलं. काय केलं, कसं केलं, कुठं चुकलं, ते ओळीनं. साहेबांनी ते वाचून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वेडी आहे. नोकरी गेली नाही. मला कॉम्प्युटरवरून उठवून चार महिने फाटकावर नोंदवहीपाशी बसवलं. आणि हुकूम दिला की दोन रविवारी येऊन सगळे फोटो आणि फॉर्म नव्यानं करून द्यायचे.

काकांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी दोन्ही रविवारी ते आले. फाटकाच्या आतल्या झाडाखाली पांढरी चादर बांधली, कॅमेरा मी धरला, फॉर्म ते भरत. एकच अट त्यांनी घातली. "कावून पुन्हा फोटो, असं प्रत्येक जण विचारन. तू सांगायचं."

पहिल्या माणसाला सांगताना माझी जीभ अडखळली. "भैया, आपका फोटो मेरी गलती से मिट गया." त्यानं खांदे उडवले. दुसऱ्यानं मला शिवी हासडली, त्याचा सुट्टीचा दिवस गेला होता. तिसरी बाई होती, विटा वाहणारी, ती म्हणाली, "कोनो बात नइ ए बेटी." एक म्हातारा तर खूश झाला. आधीच्या फोटोत त्याचे डोळे मिटलेले होते म्हणे, फाटकावरचा शिपाई रोज त्याला 'सोया हुआ' म्हणून चिडवायचा. पन्नासाव्या माणसापर्यंत ते वाक्य माझ्या तोंडात इतर कुठल्याही वाक्यासारखं बसलं. काका मान खाली घालून फॉर्म भरत होते, पण प्रत्येक वेळी मी ते वाक्य बोलले की त्यांचा पेन थांबत होता, हे मी पाहत होते.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी शेवटचा माणूस गेला. मी चादर सोडत होते. काका तसेच बाकावर बसले होते.

"तीनशे लोकाइले सांगितलं तू," ते म्हणाले.

"तीनशे अकरा."

"मले एका बाईले सांगायचं आहे. चौदा वर्षं झाले."

मग त्यांनी मला सांगितलं. केस नंबर सात मधली क्रेन ते चालवत होते.

शिफ्ट संपायला आली होती. शेवटचा एक गर्डर उचलून गाडीवर ठेवायचा राहिला होता. खाली रिगर साखळी बांधत होता. काकांच्याच वयाचा, रोज बरोबर चहा पिणारा. साखळी बांधून झाली की तो बाजूला होणार, हात दाखवणार, मग काका घंटी वाजवून लोड उचलणार, अशी रीत. त्या दिवशी काकांनी हात पाहिला नाही आणि घंटीही वाजवली नाही. "रोजचंच होतं," ते म्हणाले. "सवयीनं लिव्हर ओढला. उचलल्यावर खाली पाह्यलं. त्याचा हात वर होता. थांब म्हणून." गर्डर झुलला आणि त्या माणसाला खांबावर दाबून परत आला.

दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या साहेबानं एक टाईप केलेला कागद पुढे केला. रिगर परवानगीशिवाय लोडखाली गेला, असं त्यात होतं. काकांनी सही केली. त्यांचा मुलगा तेव्हा बारावीला होता. पुढे जेव्हा जुने कागद स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये घालायचं काम निघालं, तेव्हा तो कागद त्यांच्याच हातात आला. त्यांनी तो स्कॅन केला, नाव दिलं, 'अपघात' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला. त्यावरूनच ती स्लाईड बनली.

"तुम्ही डिलीट का नाही केलं?" मी विचारलं. "तुमच्याच हातात होतं ना सगळं."

"डिलीट करून काय होते? कागद जाते. त्यानं केलं नाही ते त्याच्या नावावर, अन् मी केलं ते कोणाच्याच नावावर नाही, असं होऊन जाते."

सोमवारी ते सकाळी लवकर आले. मी फाटकावर होते, पण दुपारी डबा खायला खोलीत गेले तेव्हा ते दोन बोटांनी टाईप करत होते. मूळ फाईलला त्यांनी हात लावला नाही. तिच्या शेजारी नवीन फाईल केली होती, आणि तिचं नाव 'केस सात' असं नव्हतं. त्या रिगरचं पूर्ण नाव होतं, बापाच्या नावासकट. एक पान लिहायला त्यांना तीन दिवस लागले. मग तीन प्रती काढल्या. एक साहेबांना, एक सरकारी तपासणी कार्यालयाला टपालानं, आणि एक त्या बाईला, रिगरच्या बायकोला. "पहिला कागद तिचा," ते म्हणाले.

कारखान्यात पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. साहेबांनी कागद वाचून तो ड्रॉवरमध्ये टाकला. सरकारी कार्यालयाकडून एक पोच आली, मग काहीच आलं नाही. काकांच्या निवृत्तीला सात महिने होते. त्यांना उरलेली रजा संपवून घरी बसा असं सांगण्यात आलं, आणि खोलीची किल्ली शिपायाकडे गेली. स्लाईड बदलली नाही. ती काढूनच टाकली. प्रशिक्षण देणारे गृहस्थ सहाव्या केसवरून थेट आठव्यावर जायला लागले. मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्यासमोर चिडले. "काढा कोणी म्हटलं होतं? सुधरवा म्हटलं होतं ना!" नंतर ते गोंदियाकडे गावी निघून गेले. वर्षा-दोन वर्षांतून फोन येतो. घरात कॉम्प्युटर नाही म्हणतात, आणि धान कसं झालं ते सांगतात.

त्या बाईकडे आम्ही गेलो ते त्याच आठवड्याच्या रविवारी, कारखान्याला साप्ताहिक सुट्टी होती तेव्हा. ती भिलाईतच कोहक्याला राहायची. काकांनी मला सोबत चल म्हटलं. "मी बोलीन. पण कागद तू वाच. माझ्याच्यानं वाचणं होणार नाही."

दोन खोल्यांचं घर होतं. बाई पन्नाशीच्या आतबाहेरच्या, दाराशी उजेडात बसून साडीला फॉल लावत होत्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, आणि त्यांच्या खाली एका माणसाचा फोटो. गालात हसणारा, कॉलरचं बटण लावलेलं. काकांना पाहून बाई उठल्या. त्यांनी ओळखलं.

"ऑपरेटर ना तुमी? या. किती वर्षांनं आले." त्यांनी चटई टाकली. "पोरगी ड्यूटीवर गेली. नर्स आहे ती आता."

काका चटईवर बसले नाहीत. उभेच राहिले. म्हणाले, "वहिनी, मी एक कागद आणला. तो आधी ऐका. मग मले बसा म्हणायचं की नाही ते तुमी ठरवा."

मी वाचलं. एकच पान होतं. शिफ्ट, गर्डर, साखळी, घंटी, लिव्हर. 'मी खाली पाहिले नाही. लोड उचलल्यानंतर पाहिले तेव्हा त्यांचा हात थांबण्याच्या खुणेसाठी वर होता. ते नियमाप्रमाणे सुरक्षेसाठी आखलेल्या पट्टीच्या आत उभे होते. त्यांची काही चूक नव्हती. आधीच्या कागदावर मी खोटी सही केली.' वाचून झाल्यावर बाहेर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, त्या ऐकू येत राहिल्या.

बाईंच्या हातात साडी तशीच होती. सुई अर्धी आत, अर्धी बाहेर.

"मतलब, ते खाली नव्हते गेले?"

"नाही," काका म्हणाले.

"जिथं पाह्यजे तिथंच उभे होते?"

"तिथंच."

"आन् हात केला होता त्याइनं."

"केला होता."

बाईंनी सुई ओढून घेतली, टाका पुरा केला, धागा दातानं तोडला आणि साडी बाजूला ठेवली. मला वाटलं आता त्या ओरडतील, किंवा रडतील. काकांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी दोन्ही हात शरीराला चिकटवून घेतले होते, मार खायला उभं राहावं तसे.

बाई फोटोकडे पाहत होत्या.

"पोरगी आठ वर्षाची होती," त्या म्हणाल्या. "मले सगळ्याइनं सांगितलं, का हाच आपल्या पायानं खाली गेला. तवापासून मी ह्या माणसासंग भांडून राहिली. रोज. सकाळी उठली का पहिले हेच. कावून गेला होता तिथं? तुले अक्कल नव्हती? घरी लहान लेकरू आहे हे ध्यानात नाही आलं? पोरगी पास झाली तवा बी भांडली. तिले नोकरी लागली तवा बी. बापाच्या फोटोले हार घाल म्हणे पोरगी, मी म्हटलं, नाही घालत. चौदा वर्षं मी एक दिवस बी त्याच्यासंग नीट बोलली नाही."

काकांच्या तोंडून कसलासा आवाज आला. "वहिनी, मले जे बोलायचं ते..."

"तुमाले काय बोलू ते मले आता सुचत नाही, ऑपरेटर," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "सुचन तवा मी बोलावीन. कागद इथं ठेवा. आन् आता तुमी दोघं जा."

मी कागद चटईवर ठेवला. आम्ही उंबऱ्याबाहेर आलो. काका चपला घालायला वाकले तेव्हा बाई मागून दार लोटत होत्या.

"जा आता," त्या म्हणाल्या. "मले पोरीच्या बापासंग बोलायचं आहे."